बाळाचं पहिलं कानाचं मशीन

मागच्या अंकात या सदरात आम्ही डे-केअरच्या डब्याविषयी लिहिलं होतं. त्यावर बरेच फोन आले. त्यातला एक मात्र डब्यासाठी नव्हता. आपल्या मंडळातल्या एका तरुण जोडप्याच्या बाळाला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं असं नुकतंच निदान झालं आहे, आणि आमची धाकटी चार महिन्यांची असल्यापासून कानामागे मशीन लावते हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठल्या कंपनीचं घेतलंत? सगळ्यात चांगलं कुठलं?"

फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो आहोत. त्यांची परवानगी घेतली आहे. हा प्रश्न मंडळात अधूनमधून कुणी ना कुणी विचारतंच, आणि बहुतेक वेळा दबक्या आवाजात विचारतं. दर हजार बाळांमागे एक ते तीन बाळांना जन्मतः ऐकण्याचा काही ना काही दोष असतो. म्हणजे हे काही कुणा एकाच घरचं जगावेगळं दुःख नव्हे.

आधी थोडं निदानाबद्दल. अमेरिकेत आता जवळजवळ प्रत्येक बाळाची ऐकण्याची चाचणी हॉस्पिटलातून घरी जाण्याआधीच होते. नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थच्या तज्ज्ञांनी १९९३ साली तशी शिफारस केली, आणि मग एकेक राज्य करत ती देशभर रुजली. कागदावर 'पास' नाहीतर 'रेफर' असं लिहून येतं. 'रेफर' आलं म्हणजे बाळाला ऐकू येत नाही असा अर्थ नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत कानात ओलावा किंवा चिकटा असला तरी तसं येऊ शकतं. पण म्हणून तो कागद फाइलमध्ये घालून विसरून जायचा नाही. इथल्या तज्ज्ञांचा हिशेब एक-तीन-सहा असा आहे: पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू. २०१९ च्या शिफारशीत तर जिथे जमत असेल तिथे एक-दोन-तीन असं करा म्हटलं आहे.

पक्क्या निदानासाठी जी चाचणी करतात तिचं आखूड नाव ए.बी.आर. बाळ झोपलेलं असताना कपाळावर आणि कानामागे तारा चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि मेंदूकडे जाणारे संदेश यंत्रावर पाहतात. बाळ अगदी लहान असेल तर दूध पाजून निजवलं की काम होतं. सहा-आठ महिन्यांचं झालं की ते तितकं निजत नाही, मग गुंगीचं औषध द्यायची वेळ येऊ शकते. म्हणून "आधी भारतात जाऊन येऊ, मग बघू" असं कुणी म्हणत असेल तर आमचं स्पष्ट मत आहे की आधी चाचणी, मग तिकीट.

आता घरातल्या वडीलधाऱ्यांविषयी. फोनवरून धीर देण्याच्या भरात ते हमखास सांगतात, "अगं, आपल्याकडे मुलं उशिराच बोलतात, तुझा काका चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता." त्यांच्या मायेबद्दल शंका नाही, पण काकाच्या कानांची कुणी चाचणी केलेली नव्हती. कोलोरॅडोमधल्या ख्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवून दिलं की ज्या मुलांचा दोष सहा महिन्यांच्या आत कळला आणि लगेच मदत सुरू झाली, त्यांची भाषा नंतर कळलेल्या मुलांपेक्षा बरीच पुढे होती. बाळ पहिल्या वर्षात बोलत नसलं तरी ऐकून साठवत असतं. तो साठा मागाहून भरून काढणं फार कष्टाचं होतं.

आणि दुसरी गोष्ट, जी आमच्याही घरात निघाली होती: "हे आलं कुठून? आमच्याकडे तर कुणाला नाही." सासरचे माहेरकडे बघतात, माहेरचे सासरकडे. कुणी गरोदरपणातल्या ग्रहणाचा हिशेब काढतं. वाचकहो, ऐकू न येणाऱ्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांचे आईवडील ऐकणारे असतात. जन्मतः असणाऱ्या दोषाचं एक नेहमीचं कारण म्हणजे कनेक्सिन-२६ नावाच्या प्रथिनाच्या जनुकातला बदल. तो बहुधा दोघांकडून थोडा थोडा आलेला असतो, आणि त्या दोघांना स्वतःला उत्तम ऐकू येत असतं. दुसरं मोठं कारण म्हणजे गरोदरपणात होणारा सी.एम.व्ही. नावाचा विषाणूसंसर्ग, जो आईला बहुतेक वेळा जाणवतही नाही. बाळ अगदी नवं असेल तर डॉक्टरांना याबद्दल लगेच विचारा, कारण ही तपासणी जन्मापासून तीन आठवड्यांच्या आत केली तरच खात्रीने सांगता येतं की संसर्ग जन्माआधीचा होता. ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही. सुनेला किंवा लेकीला हे कुणीतरी मोठ्या माणसाने स्वतःहून सांगितलं तर तिला फार बरं वाटतं.

तर मशीन. पहिल्यांदा जाताना आपल्या डोक्यात चित्र असतं ते कानात नाहीशा होणाऱ्या छोट्याशा मशीनचं. लहान मुलांना ते देत नाहीत. मुलाचा कान वाढत असतो, त्यामुळे कानाच्या आत बसणारं मशीन दर थोड्या महिन्यांनी नवं करावं लागेल, आणि बॅटरीसकट ते बाळाच्या तोंडात जायची भीती वेगळी. म्हणून बाळांना कानामागे बसणारंच मशीन लावतात. त्यातून एक बारीक नळी निघते आणि कानात बसणाऱ्या मऊ साच्याला जोडलेली असते. या साच्याला इथे इअरमोल्ड म्हणतात.

लोक सगळं लक्ष मशीनकडे देतात आणि इअरमोल्डकडे दुर्लक्ष करतात. वास्तविक रोजचा त्रास किंवा रोजचं सुख त्या बोटभर मऊ तुकड्यावर ठरतं. कानात रंगीत लगदा घालून माप घेतात, दोन मिनिटांत तो घट्ट होतो आणि त्यावरून साचा होतो. पहिल्या वर्षात बाळाचा कान इतक्या भराभर वाढतो की साचा महिन्या-दोन महिन्यांत सैल होतो. सैल झाला की मशीन शिट्टी वाजवतं. आजीने बाळाला छातीशी धरलं की चीं, दूध पिताना कूस बदलली की चीं. मग कुणीतरी वैतागून आवाज कमी करतं किंवा मशीनच काढून ठेवतं. शिट्टी वाजायला लागली म्हणजे नव्या साच्याची वेळ झाली असं समजायचं आणि त्याच दिवशी फोन करायचा, कारण नवा साचा तयार होऊन यायला आठवडा-दोन आठवडे जातात. आम्ही पहिल्या वर्षात इतके साचे बदलले की जुने एका डबीत ठेवून दिले आहेत. एका ओळीत मांडले की बाळाचा कान कसा वाढत गेला ते दिसतं. लेकीला ती डबी बघायला अजून आवडते.

आता मुख्य मुद्दा. फोनक स्वित्झर्लंडची, ओटिकॉन डेन्मार्कची, स्टार्की इथली मिनेसोटाची. मुलांसाठीची मशीनं या आणि आणखी दोन-चार कंपन्या बनवतात, आणि सगळ्यांची कामाची असतात. कुठल्या कंपनीचं यापेक्षा ते आपल्या बाळाच्या कानाला जुळवलं कसं, यावर कितीतरी जास्त अवलंबून आहे.

बाळ सांगू शकत नाही की "जरा मोठा करा" किंवा "कानठळ्या बसतात". मोठ्या माणसाला विचारून मशीन जुळवता येतं, बाळाचं मात्र मोजूनच जुळवावं लागतं. बाळाच्या कानाची पोकळी इवलीशी असल्यामुळे तोच आवाज तिथे मोठ्या माणसाच्या कानापेक्षा जास्त जोरात उमटतो. किती जास्त, ते प्रत्येक बाळाचं वेगळं. ते मोजायला साच्याशेजारून एक केसासारखी मऊ नळी कानात सरकवतात. बाळ शांत असेल तर काही मिनिटांचं काम. त्या मापावरून मग मशीन एका पेटीत ठेवून तपासतात: हळू बोलणं, नेहमीचं बोलणं आणि जोराचा आवाज, तिन्ही किती येतात ते आलेखावर दिसतं. किती यायला हवेत याची सूत्रं ठरलेली आहेत. मुलांसाठी जास्त करून दोन वापरतात. डी.एस.एल. हे कॅनडात ऑन्टारिओच्या विद्यापीठात तयार झालेलं आणि एन.ए.एल. हे ऑस्ट्रेलियातल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेचं.

हे सगळं ऑडिऑलॉजिस्टचं काम, आपल्याला काय करायचं, असं कुणी म्हणेल. पण सगळीकडे हे होतंच असं नाही. काही ठिकाणी कंपनीच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये वय आणि ऑडिओग्राम घातला, त्याने दिलेले आकडे तसेच ठेवले आणि "दिसतंय छान" म्हणून घरी पाठवलं, असंही घडतं. आमच्या ओळखीच्या एका घरी नेमकं असं झालं. वर्षभर बाळ मशीन लावून होतं, पण बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नव्हते, हे दुसऱ्या गावी बदली झाल्यावर तिथल्या बाईंनी मोजल्यावर कळलं. आयोवा, नेब्रास्का आणि नॉर्थ कॅरोलिनात मिळून मुलांचा जो मोठा अभ्यास झाला, त्यातही अनेक मुलांची मशीनं हवी तितकी जुळवलेली नव्हती असं दिसलं. तेव्हा पहिल्याच भेटीत सरळ विचारा: तुमच्याकडे किती लहान बाळं येतात? माझ्या बाळाच्या कानात माप घेणार का? नवा साचा आला की पुन्हा मोजणार का? तो आलेख आम्हाला समजावून सांगाल का आणि त्याची प्रत द्याल का? आपण डॉक्टरांना असे प्रश्न विचारायला बिचकतो, उद्धटपणा वाटेल म्हणून. इथे उलट आहे. प्रश्न न विचारणाऱ्या आईवडिलांबद्दल त्यांना काळजी वाटते. चांगला ऑडिऑलॉजिस्ट या प्रश्नांनी खूश होतो, आणि जो चिडेल त्याच्याकडे पुन्हा जायचं की नाही हे तुम्हीच ठरवा.

मशीनच्या बाकीच्या गोष्टी पटकन सांगतो. बॅटरीचं झाकण कुलपाचं हवं, मुलाच्या बोटांनी न उघडणारं. बॅटरी गिळली तर घरगुती उपाय करत बसू नका, ताबडतोब पॉयझन कंट्रोलला फोन करा: १-८००-२२२-१२२२. हा नंबर फ्रिजवर लावून ठेवा. चार्जिंगची मशीनंही मिळतात. त्यात सुटी बॅटरी नसते हे चांगलं, पण रात्री चार्जरवर ठेवायचं विसरलं की दुसरा दिवस गेला. मशीन चालू आहे हे दाखवणारा बारीक दिवा असावा. पाणी, घाम आणि धूळ सोसणारं असावं. आणि पुढे शाळेत बाईंच्या गळ्यातल्या माइकचा आवाज थेट मशीनमध्ये यावा अशी सोय त्याच मशीनला जोडता येते का, हे आजच विचारून ठेवा. गोंगाट कमी करणाऱ्या वगैरे ज्या गोष्टींची जाहिरात असते त्यासाठी जास्त पैसे मोजायची बाळाच्या बाबतीत घाई नको. रंग मात्र खुशाल गडद निवडा. गवतात पडलेलं कातडीच्या रंगाचं मशीन शोधायला अर्धा दिवस जातो, लाल लगेच दिसतं.

एक धोक्याची सूचना. ऑक्टोबर २०२२ पासून या देशात दुकानात विनाचिठ्ठीची मशीनं मिळू लागली, आणि २०२४ साली गाणी ऐकायच्या कानातल्या यंत्रांनाही तशी परवानगी मिळाली. ती स्वस्त आहेत म्हणून कुणी उत्साही काका पाठवून देतील. ती फक्त अठरा वर्षांवरच्या, थोडंफार कमी ऐकू येणाऱ्या माणसांसाठी आहेत. ती काकांनीच वापरावीत.

पैशांचं बोलायलाच हवं. दोन कानांची जोडी, जुळवणी आणि भेटी धरून काही हजार डॉलरच्या घरात जाते. बऱ्याच राज्यांत मुलांच्या मशीनचा खर्च विम्याने द्यावा असा कायदा आहे. पण आपल्यापैकी अनेकांचा विमा मोठ्या कंपनीमार्फत असतो, आणि ती कंपनी स्वतःच्या पैशातून दावे भागवत असेल तर राज्याचा कायदा तिला लागू होत नाही. ऑफिसात एच.आर.ला विचारताना "आपला प्लॅन सेल्फ-फंडेड आहे का?" असंच विचारा. तसा असेल आणि मशीन बसत नसेल तर लेखी अर्ज करा. पुढच्या वर्षासाठी प्लॅन बदलायला लावलेले लोक आम्हाला माहीत आहेत. मेडिकेडवर असलेल्या मुलाला एकवीस वर्षांपर्यंत गरजेचं मशीन मिळतं. एफ.एस.ए. आणि एच.एस.ए.चे पैसे मशीनला आणि बॅटरीलाही चालतात. विम्याचं पत्र येईपर्यंत बाळाला तसंच ठेवू नका. अनेक ठिकाणी उसनी मशीनं देणाऱ्या बँका आहेत, ऑडिऑलॉजिस्टकडे चौकशी करा. वॉरंटीत मशीन हरवलं तर बदलून मिळतं का, किती वेळा, हेही बघा. मशीन हरवतंच.

सरकारी मदतीचं नाव अर्ली इंटरव्हेन्शन. जन्मापासून तीन वर्षांपर्यंत शिक्षिका घरी येते, बाळाशी कसं बोलायचं ते आईवडिलांना शिकवते. नाव दिल्यापासून ४५ दिवसांच्या आत तपासणी आणि आखणीची बैठक व्हायला हवी. व्हिसा कुठला, ग्रीन कार्ड आहे का, याचा तिथे संबंध नाही. एच-वनवरची काही घरं उगीच घाबरून नाव देत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं. दुसऱ्या राज्यात नोकरी लागली तर ऑडिओग्राम आणि मशीनच्या जुळवणीचे कागद हातातल्या बॅगेत घ्या, खोक्यांत नको.

"भारतात निम्म्या किमतीत मिळेल" हा सल्ला आम्हालाही मिळाला होता. भारतात उत्तम माणसं आहेत. मुंबईला वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ सालापासून आहे, म्हैसूरची त्याही आधीची. तिथेच राहत असाल तर जरूर जा. पण बाळ इथे आणि मशीन तिथलं, असं जमत नाही. पहिल्या वर्षात दर महिन्या-दोन महिन्यांनी साचा, माप आणि जुळवणी लागते. तिथे घेतलेल्या मशीनची वॉरंटी इथे चालेलच असं नाही, आणि दुसरीकडून आणलेलं मशीन जुळवायला इथले काहीजण तयार होत नाहीत. किमतीत वाचलेलं तिथेच जातं. सुट्टीत पावसाळ्यात जाणार असाल तर मशीन रात्री ठेवायची सुकवण डबी घ्या. कोकणातल्या हवेत ती रोज लागते.

आता बाळ मशीन ठेवेल का? पहिले काही महिने ठेवतं, हाताला सापडेपर्यंत. सहाव्या-सातव्या महिन्यापासून ओढून तोंडात घालतं. हट्टाने नव्हे, हाताला लागलेली प्रत्येक वस्तू त्या वयात तोंडातच जाते. न रागावता, न हसता पुन्हा लावायचं आणि हातात दुसरं काही द्यायचं. दिवसातून तीस वेळा लावावं लागेल. हनुवटीखाली बांधायच्या पातळ जाळीच्या टोप्या मिळतात, आपल्या कुंच्यासारख्या. शर्टाला अडकवायची दोरी आणि चिमटा मिळतो. तो आधी घ्या, मशीन नंतर. वर सांगितलेल्या त्याच अभ्यासात असं दिसलं की दिवसाला दहा तासांहून जास्त वेळ मशीन लावणाऱ्या मुलांची भाषा अधिक वेगाने वाढली. किती तास लावलं याची नोंद मशीन स्वतःच ठेवतं आणि ऑडिऑलॉजिस्टला ती दिसते. नोंद कमी दिसली तर लाजू नका, अडचण कुठे येते ते बोला. बहुतेक वेळा उत्तर गाडीत किंवा डे-केअरमध्ये सापडतं.

मशीन चालू आहे का हे रोज सकाळी बघायचं. स्टेथोस्कोपसारखी नळी मिळते, ती लावून आपण ऐकायचं. मग बाळाला लावून, त्याला ओठ दिसणार नाहीत असं बसून, सहा आवाज काढायचे: आ, ऊ, ई, श, स, म. डॅनियल लिंग नावाच्या तज्ज्ञाने हे ठरवले, कारण बोलण्यातले खर्जापासून बारीक टिपेपर्यंतचे सगळे पट्टे यांत येतात. इथल्या आयांना ते पाठ करावे लागतात. आपल्याला ते बाराखडीतच मिळाले आहेत. बाळ चोखायचं थांबतं, डोळे मोठे करतं, त्यावरून कळतं. 'म' ला वळलं आणि 'स' ला वळलं नाही तर दोन-तीन दिवस लिहून ठेवा आणि फोन करा.

यावरूनच सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. मंडळात किमान तीन घरांना कुणीतरी, कधी शेजाऱ्याने तर कधी दवाखान्यातल्या माणसाने, सांगितलं आहे की "आता घरी फक्त इंग्रजी बोला, मुलाला दोन भाषा झेपणार नाहीत." हा सल्ला जुना आहे आणि त्याला आधार नाही. कमी ऐकू येणारी मुलं दोन भाषा शिकतात. मात्र प्रत्येक भाषा भरपूर आणि नीट कानावर पडायला हवी. आणि भरपूर, नीट, न अडखळता, लाडाने, रागाने, गोष्टीतून, गाण्यातून आपल्याला बोलता येते ती मराठी. आईने अडखळत्या इंग्रजीत चार वाक्यं बोलायची आणि मराठीतली चारशे गिळून टाकायची, याने बाळाचा तोटाच होतो. आजीचं तर बोलणंच बंद होतं. अर्ली इंटरव्हेन्शनच्या कायद्यातही मुलाची तपासणी शक्य तिथे घरच्या भाषेत करावी असं आहे. दुभाषा मागा.

मराठीचा विचार मशीन जुळवतानाही करायचा असतो, हे आमच्या ऑडिऑलॉजिस्टबाईंनाही नवीन होतं. इंग्रजीत अनेकवचनाचा शेवटचा 'स' मुलांना ऐकू यावा म्हणून त्या फार जपतात, कारण तो आवाज सगळ्यात बारीक आणि हळू, बायकांच्या बोलण्यात तर आणखीच वरच्या पट्टीत. आमच्याकडे अनेकवचनाला 'स' लागत नाही, असं सांगितल्यावर त्या जरा निवांत झाल्या. पण मग आम्हीच घरी येऊन विचार केला. तू जेवलीस का? कुठे गेला होतास? काय म्हणालास? अहो, आपण मुलांशी बोलतो ते सगळं या शेवटच्या 'स' वरच चालतं. तो ऐकू आला नाही तर 'आलास' आणि 'आला' एकच. तसंच पळ आणि फळ, ताट आणि थाट. मधला फरक म्हणजे नुसती एक हवेची फुंकर, आणि ती आधी बुडते. हे आम्ही कागदावर लिहून नेलं. बाईंनी तो कागद फाइलला लावला आणि पुढच्या वेळी वरच्या पट्टीचे आवाज पुन्हा मोजले. तुम्हीही न्या.

काही मुलांना मशीनने पुरत नाही. दोष फार तीव्र असेल तर कॉक्लिअर इम्प्लांटचा विचार करतात. २०२० पासून इथे नऊ महिन्यांच्या बाळालाही त्याची परवानगी आहे, पण त्याआधी मशीन लावून पाहतातच. हातांच्या खुणांची भाषा शिकायची की नाही हा त्या त्या घराचा निर्णय. ती शिकल्याने बोलणं मागे पडतं या भीतीने मात्र तिला नाही म्हणू नका. या दोन्हींवर पुढे कधीतरी स्वतंत्र लिहू.

शेवटी मंडळातल्या बाकीच्यांना चार शब्द. वाढदिवसाला फोटो काढताना "एक मिनिट मशीन काढा ना, छान दिसेल" असं म्हणू नका. "मुलगी आहे, केस वाढवा म्हणजे झाकेल, उद्या लग्नाचं बघावं लागेल" असं तर चार महिन्यांच्या बाळाबद्दल आमच्यासमोर म्हटलं गेलं आहे. मशीन झाकायची वस्तू आहे हे मूल आपल्याकडूनच शिकतं. बाळाशी बोलताना जवळ या, समोर या, ओरडू नका. ओरडल्याने शब्द वेडेवाकडे होतात. गणपतीत झांजा आणि ढोल-ताशा सुरू झाला की बाळाला घेऊन आई मागे जाऊन बसली तर तिला पुढे ओढू नका. आणि हॉलमध्ये भाषण करणारे जे "मला माइक लागत नाही" म्हणतात, त्यांना माइक लागतो.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे एक खोकं ठेवलेलं असेल. त्यात तीन मापांच्या जाळीच्या टोप्या, दोरी-चिमटे, ऐकायची नळी आणि सुकवण डबी आहे. ज्यांच्या बाळाला लागेल त्यांनी विचारायची गरज नाही, खुशाल न्यावं. टोप्या तेवढ्या धुऊन परत आणा. मागच्या वेळी एक आली ती वरणाच्या डागासकट.